नाहीचा चौकोन

अकरा वर्षांनंतर ताईचा पहिला शब्द कानावर पडला आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आलात, बरं वाटलं. आभारी आहे,” असं ताई म्हणाली.

म्हणाली म्हणजे काय, खाटेच्या दांडीला एक वाकडा लोखंडी हात बसवला होता, त्यावर एक पडदा होता, तो पडदा म्हणाला. आवाज बाईचा, पण बँकेत टोकन पुकारतात तसला. ताईचं स्वतःचं काही हललं नव्हतं. महिन्यापूर्वी झटका आला तेव्हापासून डोळ्यांखालचं सगळं अंग गेलं होतं, आणि श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातल्यामुळे आवाजाची वाटच बंद झाली होती. उरले दोन डोळे आणि त्यांच्यामागचं डोकं. डोकं पूर्वी होतं तेवढंच शाबूत आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पडद्यावर बारा चौकोन होते, प्रत्येकात एकेक वाक्य. ताईने एखाद्या चौकोनाकडे दोन सेकंद टक लावून पाहिलं, की पडद्याखालचा कॅमेरा ती नजर पकडायचा आणि यंत्र ते वाक्य मोठ्याने बोलायचं.

“बघ, किती खूश झाली तुला बघून,” थोरला भाचा म्हणाला.

“कोण खूश झालं?” मावशीने खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. “सख्खी बहीण मला ‘आलात’ म्हणते? आणि आभारी? अरे, हिच्या लग्नात हिची हरवलेली चप्पल मी तासभर शोधून आणली, तर ‘एवढा वेळ कुठे उलथली होतीस’ म्हणाली. ही बाई जन्मात कधी कुणाची आभारी नव्हती!”

“मावशी, हळू. हे इस्पितळ आहे,” थोरल्याची बायको, सूनबाई म्हणाली.

हळू बोलणं मावशीला जमत नसे. एकोणतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली बाई. मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत आवाज पोचवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

ती आज आली होती ती धाकटीच्या फोनवरून. धाकटी म्हणजे ताईची लेक. चौकातल्या काचेच्या दुकानात आईबरोबर काचा कापणारी. “आईला आज एक वाजता केंद्रात हलवतायत,” एवढंच ती फोनवर बोलली होती. “यायचं असेल तर अकराच्या आत ये.” केंद्र म्हणजे शहराबाहेरचं, तासाभराच्या वाटेवरचं, कायमच्या रुग्णांना ठेवायचं ठिकाण. वीस खाटांमागे एक परिचारिका. मावशीने बसमधून उतरल्यापासून स्वतःला बजावलं होतं, की भांडायचं नाही, बघायचं आणि यायचं. ते बजावणं खोलीत शिरल्यावर मिनिटभरही टिकलं नाही.

थोरला मुख्याध्यापक होता, त्यामुळे त्याच्या हातात कागद होता. “आपण सगळे आहोत तोवर एकदा पुन्हा उजळणी करू,” तो म्हणाला. “दुकानाच्या वरच्या घराला सतरा पायऱ्या आहेत. धाकटी दिवसभर खाली दुकानात. आमच्या घरी आम्ही दोघंही नोकरीला. सगळ्या बाजूंनी विचार करून, आईला विचारून, आईच्या संमतीने…”

“तिच्या संमतीने?”

“हो. आई स्वतः म्हणाली. थांब, तुझ्यासमोर विचारतो.” तो खाटेजवळ वाकला. आवाज चढवला, जसा काही झटका कानांना आला होता. “आई! केंद्रात जायचं ना?”

ताईचे डोळे पडद्यावर फिरले. खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यावर येऊन थांबले.

“नंतर,” यंत्र म्हणालं.

“नंतर नाही, आई, आज. एक वाजता. जायचं ना?”

“नंतर.”

“आई, गाडी सांगितली आहे. आपलं ठरलंय ना?”

डोळे तिथेच रोखलेले. “नंतर. नंतर.” मग पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि नजर सरकत मधल्या ओळीवर गेली. “तुम्ही म्हणाल तसं,” यंत्र गोड आवाजात बोललं.

“झालं,” थोरला म्हणाला आणि कागदावर खूण केली.

मावशीने पिशवी खुर्चीवर आपटली. ती पडद्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि चष्मा वर करून बाराच्या बारा चौकोन वाचले. आलात, बरं वाटलं. आभारी आहे. आज बरं वाटतंय. काळजी करू नका. तुम्ही जेवलात का. तुम्ही म्हणाल तसं. पाणी, कूस बदला, दुखतंय, सिस्टरना बोलवा, हो, नंतर. तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले.

“यात ‘नाही’ कुठे आहे?”

थोरला पुन्हा कागद वाचू लागला. कोपऱ्यात यंत्राचा पंखा घुरघुरत होता.

“मी विचारते, ‘नाही’ कुठे आहे? ‘चूप बसा’ कुठे आहे? ‘माझं डोकं फिरवू नका’ कुठे आहे? दिवसातून चाळीस वेळा ‘नाही’ म्हणणारी बाई ही! गिऱ्हाइकाने चुकीचं माप आणलं तर त्याला दारातून परत पाठवणारी! तिच्या तोंडी हे काय घातलंय तुम्ही? ही ताई आहे की लग्नाच्या हॉलच्या दारात उभी केलेली बाहुली?”

“मावशी, तुम्ही महिनाभर नव्हता इथे,” सूनबाईचाही आता पारा चढला. “अकरा वर्षं नव्हता. आज येऊन आम्हाला शिकवू नका. ‘आभारी आहे’ मी घातलं. का घातलं ऐका. या मजल्यावर तीस पेशंट आहेत आणि रात्रपाळीला दोन सिस्टर. ज्या खाटेवरून ‘आभारी आहे’ ऐकू येतं ना, तिथे त्या दोनदा येऊन कूस बदलून जातात. सासूबाईंच्या पाठीला एक जखम नाही. बघायची तर बघा!”

मावशीने मोर्चा थोरल्याकडे वळवला. “आणि ‘नाही’ काढलंस तू. शाळेत पोरांचं तोंड बंद करतोस तसं आईचं केलंस. सोयीचं झालं ना? विचारायचं, आणि उत्तरसुद्धा आपणच भरून ठेवायचं!”

“मी नाही काढलं.” थोरल्याचे कान लाल झाले. “मी फक्त अक्षरांचं पान बंद करायला सांगितलं. एकेक अक्षर बघून शब्द जुळवायला तिला पाच-पाच मिनिटं लागायची. दमायची. घाम फुटायचा. मला बघवायचं नाही.”

“तुला बघवायचं नाही म्हणून तिने बोलायचं नाही?”

तेवढ्यात दार उघडून वाचातज्ज्ञ बाई आत आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, हातात डबा. हे यंत्र त्यांच्याच विभागाचं. खाटेला लावून, ताईला शिकवून त्या तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या होत्या आणि आज सकाळी कामावर रुजू झाल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि दारातच थांबल्या.

“हे पान माझं नाही,” त्या म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी ‘हो’ आणि ‘नाही’ खालच्या दोन कोपऱ्यांत बसवले होते, कारण कोपरे सापडायला सोपे असतात. मधले दहा चौकोन रिकामे सोडले होते. घरच्यांनी पेशंटचे शब्द भरायचे म्हणून. पेशंटचे. उजव्या कोपऱ्यात ‘नाही’ होतं. तिथे ‘नंतर’ कोणी लिहिलं?”

मावशीला एकदम लख्ख कळलं. ती झटकन ताईजवळ गेली. “ताई, माझ्याकडे बघ. मी तुझ्यापेक्षा काच चांगली कापते, खरं ना?”

ताईची नजर एका झटक्यात उजव्या कोपऱ्यावर गेली. “नंतर.”

“मी तुझ्यापेक्षा दिसायला बरी आहे?”

“नंतर. नंतर.”

“ऐकलंत?” मावशी वळली तेव्हा तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला असेल. “ती तीन आठवडे ‘नाही’ म्हणतेय! तिला ठाऊक आहे तो चौकोन कुठे आहे. ती तिथेच बघतेय, आणि तुमचं यंत्र तिच्या तोंडावर खोटं बोलतंय! तुम्ही तिला घराबाहेर काढताय, ती ‘नाही, नाही’ म्हणून ओरडतेय, आणि तुम्ही कागदावर खुणा करताय! कोणी केलं हे? नाव सांगा मला!”

“मी केलं,” धाकटी म्हणाली.

ती मघापासून खिडकीपाशी उभी होती. खिडकीच्या एका काचेला तडा होता, त्यावर चिकटपट्टी लावली होती, आणि ती नखाने त्या पट्टीचं टोक सोलत होती. तिच्या बोटांवर जुन्या कापल्याचे पांढरे वण होते, तसेच ताईच्या बोटांवर होते.

थोरल्याचा कागद खाली आला. “तू? मला वाटलं सिस्टरनी…”

“मी. तुम्ही बाकीचे संध्याकाळी येता. मी दिवसा असते. गळ्याच्या नळीत कफ साठतो, तो बारीक नळी घालून ओढून काढावा लागतो. आई त्याला ‘नाही’ म्हणायची. प्रत्येक वेळी. आणि सिस्टर म्हणायच्या, पेशंट नको म्हणतोय, आणि जायच्या पुढच्या खाटेकडे. दोन दिवसांत छाती भरली. ओठ निळे पडले. मी बघितलंय, तुम्ही नाही.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “मला काय करायचं होतं? तिचं ‘नाही’ ऐकत ऐकत तिला मरू द्यायचं होतं? मी ते खोडलं. ‘नंतर’ लिहिलं. ‘नंतर’ ऐकलं की सिस्टर थोड्या वेळाने परत येऊन कफ काढायच्या. आणि ती वाचली. मग तुम्ही केंद्राचं विचारलंत, तेव्हा ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली. मला वाटलं, हिला माझ्याबरोबर राहायचं नाही. मी केलेलं हिला कळलंय, म्हणून हिला मी नकोय. म्हणून मी गप्प बसले. आता मारायचं तर मार मला, मावशी.”

मावशीचा हात खरंच वर गेला होता. तो तसाच राहिला.

कारण राग तर होताच, पण त्याच्या आतून दुसरंच काही वर आलं. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यानंतर पंधराव्या दिवशी मावशी त्या काचेच्या दुकानात गेली होती. ताई टेबलावर वाकून एका मोठ्या काचेवर काच कापायची हिऱ्याची कणी ओढत होती. “ताई, वर तुझ्याकडे राहायला येऊ का गं?” एवढंच मावशीने विचारलं होतं. ताईने मान वर न करता “नाही” म्हटलं होतं. मावशी वळली, आणि दुकानाच्या दाराची घंटी तुटेल एवढ्या जोरात दार लावून निघून आली. त्यानंतर ताईचा फोन उचलला नाही, पत्र उघडलं नाही. ते ‘नाही’ तिलाही सोसलं नव्हतं. धाकटीने यंत्रातून खोडलं, मावशीने बहिणीलाच आयुष्यातून खोडलं. कोण कुणाला थप्पड मारणार?

तिने हात खाली घेतला. “लावा ते परत,” ती वाचातज्ज्ञ बाईंना म्हणाली. “आणि अक्षरंही. आत्ताच्या आत्ता.”

“मावशी, अकरा वाजून गेले, मोठे डॉक्टर येतीलच सही घ्यायला,” थोरला म्हणाला.

“येऊ देत. उभे राहतील.”

मोठे डॉक्टर आले आणि खरंच उभे राहिले. वाचातज्ज्ञ बाईंनी ताईची उशी सरळ केली, तिचा चष्मा पुसून नाकावर नीट बसवला, पडदा वीतभर जवळ ओढला. पडद्यावर एक पिवळा ठिपका आला. तो चारी कोपऱ्यांत आणि मध्ये फिरला, आणि ताईने त्याच्यामागे नजर फिरवली. मग बारा चौकोन परत आले, वरच्या कडेला अक्षरांच्या पानाची खूणही. उजव्या कोपऱ्यात ‘नाही’ होतं. ताईने ते वाचलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले आणि यंत्राला नजर सापडेना. सूनबाईने मुकाट्याने पुढे होऊन कापसाने तिचे डोळे टिपले.

“विचार,” मावशी थोरल्याला म्हणाली. “आता विचार.”

थोरल्याने कागद घडी करून खिशात घातला. या वेळी तो ओरडला नाही. “आई, केंद्रात जायचं?”

“नाही.” तोच टोकनवाला आवाज. “नाही. नाही. नाही. नाही.” तीन आठवड्यांचं सगळं साठलेलं बाहेर पडत होतं. डॉक्टरांनी हातातलं पेन बंद केलं. थोरला खाटेच्या कठड्याला धरून उभा होता. नवव्या ‘नाही’ला तो म्हणाला, “कळलं गं, आई. कळलं,” आणि तोंड फिरवलं.

धाकटी पुढे आली. “आणि कफाची नळी? तीही नाही? सांग. तू नाही म्हणालीस तर मी या वेळी… मी काय करू ते सांग.”

ताईने अक्षरांचं पान उघडलं. एका अक्षरावर नजर, दोन सेकंद, टिक. पुढचं अक्षर, टिक. मध्येच चुकलं, पुसलं. थोरल्याची चुळबुळ झाली. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरून ठेवला. चार मिनिटं गेली. मग यंत्र बोललं:

“आधी सांगा. मग घाला.”

धाकटीने तोंडावर हात धरला. तीस खाटांच्या घाईत कुणीच सांगत नव्हतं. मागून यायचे, गळ्यात नळी खुपसायचे, जायचे. तिला नळी नको नव्हती. न सांगता खुपसलेली नळी नको होती.

“एवढंच?” धाकटी म्हणाली. “आई, एवढंच होतं?”

“हो.”

मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला. “ठीक आहे. केंद्र रद्द. पण घरी दिवसभर कोण? आणि हे यंत्र आम्ही घरी देतो, पण ते रोज बसवायला शिकलेलं माणूस घरात असेल तरच. नाहीतर ते कपाटात पडतं आणि पेशंट पुन्हा मुका होतो. तसं माणूस नसेल, तर मला केंद्राचीच सही घ्यावी लागेल. माफ करा, पण हे असं आहे.”

थोरला सूनबाईकडे बघू लागला, सूनबाई जमिनीकडे. धाकटी म्हणाली, “मी दुकान बंद करते,” आणि पडदा लगेच “नाही” म्हणाला.

“मी आहे ना,” मावशी म्हणाली. कुणी विचार करायच्या आधी म्हणाली. “मला काय उद्योग आहे? मी येते. वर, ताईबरोबर राहते.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. नजर उजव्या कोपऱ्यात गेली.

“नाही.”

मावशीच्या तोंडाचा रंगच उडाला. मग रंग आला, आणि लालबुंद आला. “वा! वा गं वा, ताई! तुझ्यासाठी मी या सगळ्यांशी भांडले. तुझं ‘नाही’ तुला परत मिळवून दिलं, आणि ते माझ्याच तोंडावर मारलंस? अकरा वर्षांपूर्वी हेच, आज हेच! माणूस आहेस की दगड?” तिने खुर्चीवरची पिशवी उचलली, खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाली. मुठीत दाराची कडी आली.

मागे टिक झालं.

मावशी थांबली. वळली नाही, पण थांबली. पुन्हा टिक. बराच वेळ काही नाही, मग टिक. कडी तिच्या मुठीत गरम झाली. व्हरांड्यातून औषधांची गाडी गेली, परत आली.

“घोरतेस,” यंत्र म्हणालं.

सूनबाईच्या नाकातून हसू निसटलं. टिक टिक चालूच होती.

“खाली झोप. मागची खोली.”

दुकानाच्या मागे एक खोली होती. तिथे पूर्वी लाकडी खोकी ठेवायचे. मावशी वळली. “म्हणजे… तेव्हाही?” ती एक पाऊल पुढे आली. “तेव्हा तू काच कापत होतीस. मी ‘वर’ येऊ का विचारलं, तू ‘नाही’ म्हणालीस…”

“मावशी,” धाकटी हळूच म्हणाली, “कणी ओढायला घेतली की रेघ पुरी होईपर्यंत आई बोलत नाही. बोललं की हात हलतो, काच वेडीवाकडी फुटते. एक शब्द निघाला तरी खूप. बाकीचं ती रेघ संपल्यावर बोलते.”

“ती खोली मी पुसून घेतली होती,” थोरला म्हणाला. “आईनेच सांगितलं होतं. खाट पण टाकली होती. मग तू आलीच नाहीस.”

मावशी खाटेशी आली. राग कुठे ठेवावा तिला कळेना. इतका राग, आणि तो घालायला समोर फक्त दोन डोळे. “मग सांगायचं होतंस ना!” ती ओरडली, आणि ओरडताना रडू लागली. “एवढंच होतं तर पुढचं सांगायचं होतंस तेव्हाच! अकरा वर्षं, ताई!”

ताईची नजर अक्षरांवर गेली. सगळे थांबले. मोठे डॉक्टरसुद्धा घड्याळाकडे न बघता थांबले. तिच्या कपाळावर घाम आला, एक अक्षर चुकलं, तिने ते पुसलं आणि पुन्हा शोधलं.

“थांबलीस कुठे,” यंत्र म्हणालं.

मावशीने पिशवी खाली ठेवली. पदराने नाक पुसलं, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि वाचातज्ज्ञ बाईंकडे डोळे वटारून पाहिलं.

“हे रोज कसं लावायचं ते मला दाखवा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून दाखवा. सावकाश. मला घाई नाही. आणि लिहून घ्या, मी घोरते हे साफ खोटं आहे.”

“नाही,” ताई म्हणाली.